माळेच्या रविवारचं लाल कापड

कासियान प्लात्सर जुलैअखेरीला बागेत चढला, की नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणालाच खाली उतरणार. साल्टनरची शपथच तशी. गावानं तुम्हाला बागेच्या राखणीला निवडलं, पाद्रीबुवांपुढं हात वर करून तुम्ही 'हो' म्हणालात, की संपलं. मग शेवटचा घड तुटून पिंपात जाईपर्यंत घर नाही, गादी नाही, दाढीला वस्तरा नाही, रविवारची प्रार्थनासुद्धा नाही. आभाळ फाटो नाही तर बायको रडो, साल्टनर आपला मांडवाखाली.

वोल्फ्सवार्ट किल्ल्याच्या पायथ्याला द्राक्षाच्या मांडवांचा जो उतार आहे, त्यातला खालचा पट्टा कासियानकडं, वरचा लेनहार्टकडं. मधे चार वाशांवर एक मचाण. अंगात कातडी जाकीट, गळ्यात रानडुकराचे सुळे ओवलेले, हातात भाला, आणि डोक्यावर ती टोपी. टोपी कसली, तीन कोंबडे, एक मोर आणि दोन कोल्हे यांचं वाटोळं करून उभं केलेलं पिसांचं नि शेपट्यांचं झाडच ते. द्राक्षचोरानं लांबनं बघितलं तरी पोटात गोळा यावा म्हणून. चोर फारसे घाबरत नव्हते. पण किल्ला बघायला येणाऱ्या शहरी बायका किंचाळायच्या, आणि लेनहार्टला वर्षभराचं सुख त्यातच मिळायचं.

कासियानला हा मान पहिल्यांदाच मिळाला होता. पूर्वी ब्लासी म्हणून एक साल्टनर होता. त्यानं काय केलं, तर बहिणीच्या लग्नाला अर्ध्या दिवसापुरता गुपचूप खाली उतरला. नेमक्या त्याच दुपारी कुणीतरी दोन मांडव साफ केले. झालं. सात वर्षं झाली, गावात त्याला कुणी ब्लासी म्हणत नाही. 'वऱ्हाडी' म्हणतात. खानावळीत येऊन बसला की कुणीतरी विचारतंच, "काय वऱ्हाडी, पंगत उठली का?" माणूस हसतो बिचारा. पण हसताना त्याच्याकडं बघवत नाही.

तर सांगायचं ते त्या बुधवारचं. उर्शल, कासियानची बायको, जेवण घेऊन वर आली. डब्यात जवाचं सूप, राईची भाकरी, खारवलेल्या मांसाचा तुकडा. दर बुधवारी तिच्याबरोबर आफ्रा असायची, त्यांची सात वर्षांची पोरगी. मचाणाची शिडी चढता चढता बडबड सुरू. आज उर्शल एकटीच.

"आफ्रा कुठाय?"

"घसा धरलाय तिचा. शेजारच्या वार्बल म्हातारीकडं ठेवून आले."

"ताप?"

"आहे. थोडासा."

कासियाननं भाकरी खाली ठेवली. "थोडासा म्हणजे?"

"थोडासा म्हणजे थोडासा. वजन करून आणू का?" उर्शल म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "घशात पांढरं दिसतंय जरा."

त्या साली खालच्या खेड्यात घटसर्पानं दोन पोरं गेली होती. शब्द दोघांनाही ठाऊक होता, पण दोघांनीही तो तोंडातून काढला नाही. काढला की घरात शिरतो, असं वाटतं माणसाला.

"मी येतो खाली," कासियान म्हणाला.

"येऊन काय करशील? तिच्या घशात भाला घालशील? गप बस. तू उतरलास, आणि उद्या पोरगी अंगणात नाचायला लागली, तर गाव तुझं काय करील? एक वऱ्हाडी पुरे आहे गावाला."

"मग मला कळणार कसं?"

आता त्यांचं घर घळीच्या पलीकडच्या अंगाला. सरळ बघितलं तर समोर, काडेपेटीएवढं. पण जायचं तर खाली उतरायचं, पूल ओलांडायचा, गिरणीवरनं पुन्हा चढायचं, चांगला तास मोडतो. मचाणावरनं घराची लाकडी गॅलरी मात्र स्वच्छ दिसायची. उर्शलनं तिकडं हात केला.

"दुखणं जड वाटलं तर गॅलरीवर कापड टाकते. दिसलं की नीघ."

"तुझी धुणी रोजच तिथं. मला काय कळणार, चादर कुठली आणि खूण कुठली?"

"मग लाल टाकते. पेटीतलं. ते दिसेल ना?"

"लाल दिसेल."

"मग झालं तर. लाल नाही तोवर समज, पोरगी ठीक आहे. आता खा ते."

एवढं बोलून ती उतरली. अर्ध्यावर जाऊन वळली, आणि ओरडून म्हणाली, "दाढी बघ जरा, अस्वल बरं!" कासियान हसला. हसला तो तेवढाच.

गुरुवारी पहाटे उठून त्यानं आधी गॅलरी बघितली. काही नाही. शुक्रवारी धुकं होतं, ते विरेपर्यंत नखं कुरतडत बसला. विरलं. काही नाही. शनिवारीही काही नाही. लेनहार्टला त्यानं सगळं सांगितलं होतं. लेनहार्ट म्हातारा, बारा हंगाम झालेले, तोंडानं फाटका पण मनानं बरा. तो म्हणाला, "खूण आली की मला एक हाक मार आणि पळ. तुझा पट्टा मी बघतो. कुणी विचारलं तर सांगीन, मांडवामागं बसलाय, पोट बिघडलंय त्याचं. साल्टनरच्या शपथेत पोटाचं काही लिहिलेलं नाही."

म्हणजे बघा, अडवणारं कुणी नव्हतं. खूण आली असती तर हा माणूस उडत गेला असता.

आणि खूण आली.

पहाटे उजाडलं, घळीतला काळोख पातळ झाला, आणि समोर गॅलरीवर लाल कापड. एवढंसंच, पण रक्ताचा थेंब पडावा तसं. कासियान तसाच उठून धावला. शिडी उतरताना दोन पायऱ्या चुकला, खाली आपटला, उठला, आणि ओरडत सुटला.

"लेनहार्ट! ए लेनहार्ट! लाल आलं! मी चाललो!"

लेनहार्ट डोळे चोळत वरच्या मांडवातनं बाहेर आला. त्यानं घळीपलीकडं बघितलं. मग खाली गावाकडं बघितलं. मग कासियानकडं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"गाढवा, आज वार कुठला?"

"मला काय माहीत वार!"

"माळेचा रविवार आहे मुडद्या! मरियामातेची मिरवणूक आहे आज! खाली बघ."

कासियाननं खाली बघितलं. चर्चच्या शेजारी, घंटा वाजवणाऱ्याच्या घराच्या खिडकीतनं एक लाल कापड बाहेर आलं. मग खानावळीच्या. मग शाळामास्तराच्या. बघता बघता एकेक खिडकी उघडत गेली आणि सगळं वालनाऊ गाव लाल झालं. ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी, जपमाळेच्या सणाला, मातेची मूर्ती गावातनं फिरते, तेव्हा एकही खिडकी लाल कापडावाचून राहत नाही. घळीपलीकडच्या शेतघरांनीसुद्धा टाकली. प्रत्येक घरच्या पेटीत ते कापड असतं ते त्याच दिवसासाठी. कासियानच्या घरातही त्याचसाठी होतं. बुधवारी दोघं नवराबायको त्या कापडाबद्दल बोलले, पण पोरीच्या काळजीत रविवार कुणाच्याच ध्यानात आला नाही.

"बघितलंस?" लेनहार्ट म्हणाला. "जातोस का आता? जा. मिरवणुकीत पुढं चाल. ही टोपी घालून गेलास तर पाद्रीबुवा तुलाच मूर्ती समजून ओवाळतील."

कासियान खाली बसला. हसू येत होतं. तरी एक शंका राहिलीच.

"पण लेनहार्ट, आमची खूण ठरलीय. तिला ठाऊक आहे ना, मी बघणार ते. मग टाकलं कशाला?"

लेनहार्टनं विचार केला. तसा तो विचार करणारा माणूस, वाईट सल्ला देणारा नव्हे. "हे बघ. न टाकून चालेल कसं? पाद्रीबुवा दारात येऊन विचारतील, बाई, माता काय फक्त दुसऱ्यांची का? आणि दुसरं सांगू? पोरीचं दुखणं जड असतं ना, तर आज माळेचा रविवार आहे हे तिला आठवलंच नसतं. सणाचं ध्यान आलं, म्हणजे जीव ठिकाणावर आहे. खूण विसरली, म्हणजे पोरगी बरी."

खूण विसरली, म्हणजे पोरगी बरी. कासियाननं ते वाक्य उचललं आणि सकाळभर आतल्या आत घोळवलं. जितकं घोळवावं तितकं खरं वाटायला लागलं. शिवाय, मनाच्या तळाशी, खानावळीतल्या बाकावर तो वऱ्हाडी बसला होताच. सणाचं कापड बघून घाबरला आणि शपथ मोडून पळाला, असं झालं असतं तर? ब्लासीला निदान लग्नाचं जेवण तरी मिळालं होतं.

नऊ वाजता उखळी तोफा उडाल्या. घंटा वाजायला लागल्या. खालनं बँडचा आवाज यायला लागला, आणि पाकळ्या उधळणाऱ्या पोरींची पांढरी रांग मुंग्यांसारखी दिसायला लागली. कासियाननं टोपी काढली, गुडघे टेकले, आणि आफ्रा बरी झाली म्हणून मातेचे आभार मानले. मनापासून मानले. त्याच्या आयुष्यात एवढी मनापासून केलेली प्रार्थना दुसरी नसेल.

बाराच्या सुमाराला किल्ल्याच्या वाटेनं व्हिएन्नाचे एक साहेब आणि त्यांच्या बाईसाहेब वर आले. साहेबांच्या हातात काठी, बाईसाहेबांच्या गळ्यात छोटी दुर्बीण. लेनहार्ट झाडामागनं भाला घेऊन उडी मारून आला, बाईसाहेब रीतसर किंचाळल्या, साहेब रीतसर हसले. रिवाजाप्रमाणं लेनहार्टनं भाल्यानं वाटेवर आडवी रेघ ओढली आणि म्हणाला, "रेघ ओलांडायची तर साल्टनरला तंबाखू!" साहेबांनी दोन सिगार दिले.

"तुमचा हा मित्र बोलत नाही का?" साहेब कासियानकडं बघून म्हणाले.

"तो बोलतो, पण आज नको," लेनहार्ट म्हणाला. "सकाळी सणाचं कापड बघून घरी पळत सुटला होता. म्हटलं बाबा, गाव पेटलं नाही, नटलंय!"

सगळे हसले. कासियानही हसला. हसायला बरं वाटत होतं त्याला. तीन दिवसांचं ओझं होतं ते.

"काय सुंदर दिसतं हो सगळं लाल लाल," बाईसाहेब दुर्बीण लावून म्हणाल्या. "आणि ते किल्ले! एक, दोन, तीन... आणि ते एकटं घर कुणाचं, तिकडं, घळीच्या पलीकडं?"

"माझं," कासियान म्हणाला.

"तुमचं? मग बघा ना!" आणि त्यांनी दुर्बीण त्याच्या हातात दिली.

त्यानं जन्मात कधी दुर्बीण डोळ्याला लावली नव्हती. आधी नुसतं हिरवं आलं, मग आभाळ आलं, मग एकदम घर. इतकं जवळ, की तो दचकला. गॅलरीची फळी न फळी, कुंडीतली लाल फुलं, ते कापड, आणि कापडामागं उर्शल. कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी. तोंड ह्याच बाजूला. तोंडावरचं काही दिसत नव्हतं, डोक्याला बांधलेला रुमाल तेवढा दिसत होता.

"माझी बायको!" कासियान ओरडला, लहान पोरासारखा. "माझ्याकडंच बघतेय!"

आणि त्यानं भाला उंच धरून हलवला. दुपारचं ऊन होतं, पातं लखलखलं. एकदा, दोनदा, तीनदा. दुर्बिणीत उर्शलनं दोन्ही हात वर केले. डोक्याच्या वर, लांबवर.

"हात करतेय बघा," तो साहेबांना म्हणाला. "हात करतेय!"

"काय सुखी माणसं," बाईसाहेब म्हणाल्या.

उर्शल वळली आणि घरात पळाली. सूप उतू जात असेल, कासियानला वाटलं. त्यानं काच शर्टाला पुसून दुर्बीण परत दिली. मग त्या दिवशी त्यानं पोटभर जेवण केलं, लेनहार्टबरोबर सिगार ओढला, आणि दुपारी मांडवाच्या सावलीत अंमळ झोपलासुद्धा.

संध्याकाळची प्रार्थना झाली. घंटा थांबल्या. गावानं कापडं आत घ्यायला सुरुवात केली. दव पडायच्या आत घ्यावी लागतात, नाही तर रंग उतरतो. आधी चर्चजवळची गेली, मग खानावळीची. घळीपलीकडची शेतघरंही एकेक करून विझल्यासारखी झाली. लेनहार्ट मचाणावर बसून बघत होता.

"कासियान," तो खाली न बघता म्हणाला, "तुझ्या घरचं कापड अजून आहे रे."

कासियान शिडीनं वर आला. साऱ्या उतारावर एकच कापड राहिलं होतं.

"विसरली असेल," लेनहार्ट म्हणाला. पण सकाळी ज्या आवाजात बोलला होता, तो आवाज आता त्याच्याजवळ नव्हता. मग त्यानं कासियानला हातानं ढकललं. "जा. काय बघतोस? जा!"

कासियान कसा उतरला, पूल कधी गेला, गिरणी कधी गेली, त्याला सांगता येणार नाही. भाला मचाणावरच राहिला. गिरणीच्या चढावर वार्बल म्हातारी समोरनं येत होती. तिनं त्याला बघितलं आणि वाट सोडून बाजूला उभी राहिली, नुसता छातीवर क्रूस केला. तरी तो पळतच राहिला. कळलेलं असतं माणसाला, पण पाय ऐकत नाहीत.

अंगणात शेजारची चार माणसं होती. त्यांनी टोप्या काढल्या. उर्शल दारात उभी होती. रडत नव्हती. रडून झालेलं होतं. कासियान तिच्यापासून पाच पावलांवर थांबला, आणि त्याला पुढं जाता येईना.

"कधी?" त्यानं विचारलं.

"एकच्या पुढं. डॉक्टर काल येऊन औषध लावून गेला होता. रात्रीतनं गळा बंद व्हायला लागला. घंटेच्या आधी कापड टाकलं मी. कुणाचंच नव्हतं तेव्हा."

"मला वाटलं, सण..."

"हो. मलाही नंतर आठवलं. गाव सगळं लाल झालं तेव्हा. पण मला वाटलं, माझं पहिलं होतं, तू बघितलं असशील. घरात दुसरं माणूस नाही, पाठवू कुणाला, सगळे मिरवणुकीला. तिला टाकून मला हलता येईना. मग बारा वाजता तू पातं हलवलंस."

कासियाननं घळीपलीकडं, मचाणाकडं बघितलं.

"तीनदा हलवलंस. मी म्हटलं, निघाला. मी हात वर केले, लवकर ये म्हणून. आत पळत गेले आणि तिला सांगितलं, बाबा निघाला. तिला बरं वाटलं ऐकून. बोलता येत नव्हतं, पण डोळ्यांनी विचारत होती. कुठवर आला? मी म्हटलं, उताराच्या खाली आला. परत डोळे उघडले. म्हटलं, पुलावर आला. म्हटलं, गिरणीपाशी आला, गिरणीवाल्यानं थांबवलं तर त्याला शिव्या देतोय. तेव्हा हसली थोडी. मी हिशेबानं आणत होते तुला, घाई नको म्हणून. तास लागतो ना. पण तिला दम निघेना, मग मीच तुला पळवलं." उर्शलनं रुमालाचं टोक दातात धरलं, सोडलं. "शेवटी म्हटलं, आला बघ, अंगणात आहे. टोपी काढतोय. टोपीसकट दारात मावत नाही ना तो. म्हणून उशीर."

अंगणात कोंबड्या होत्या, त्यांना आत घ्यायला त्या दिवशी कुणाला सुचलं नव्हतं.

"मग?" कासियान म्हणाला.

"मग तिनं दाराकडं तोंड केलं. आणि बघत राहिली."

कासियाननं टोपी काढायला हात वर केले. हनुवटीखालची वादी घामानं आणि पळण्यानं ओढली गेली होती, गाठ सुटेना. तो ओढत राहिला. मोराचं एक पीस मोडून खाली पडलं, मग कोंबड्याची दोन-चार. शेजारचा एक माणूस मदतीला पुढं आला, त्याला त्यानं झिडकारलं. शेवटी उर्शल पायऱ्या उतरून आली. तिनं गाठीला हात लावला, पण तिच्याही बोटांना काही सुटेना, आणि दोघं तसेच अंगणात उभे राहिले, ती वादी धरून.